क्यूची पाटी आणि मॉरीनचं इंजिन

मी, क्लिफर्ड ऑगडन, वय त्र्याहत्तर, निवृत्त फिटर, राहणार टॉडमॉर्डन, यॉर्कशर, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे लिहून ठेवतो. रागाचा बुद्धीवर परिणाम झालेला नाही, डॉक्टरांना विचारावं. आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द.

एक. घर आणि शिल्लक माझी मुलगी हिलरी हिला. या कागदातलं जे कुणाला पोचणार नाही, तेही तिलाच. गाडी मात्र तिला नाही. "आईचं इंजिन आहे त्यात, बाबा," म्हणून तिने मागितली होती. पण क्यूच्या प्रकरणात (खाली चार पाहा) तिने काकाची, म्हणजे माझ्या भावाची, बाजू घेतली.

दोन. साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा आमच्याकडे कायदा आहे. म्हणून शेजारच्या हॅडफील्डबाई आणि पोस्टातल्या बाई यांना मी काही ठेवलेलं नाही. गैरसमज नसावा.

तीन. हत्यारं आमच्या गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबला. नटांवर बसवायच्या रबरी टोप्यांचा डबा गाडी तपासणाऱ्या परीक्षकाला. डॅशबोर्डखाली एका नटाची कड बोटाला लागते म्हणून त्याने मला दोनदा परत पाठवलं. तिथे कुणाचा गुडघा लागायचा तर माणूस घडी घालून बसवावा लागेल.

चार. गाडी. अकरा वर्षं गॅरेजात बांधली. सांगाडा खोक्यातून आला, इंजिन माझ्या बायकोच्या, मॉरीनच्या, पिवळ्या गाडीतलं. ती गेल्यावर तिची गाडी मला विकवेना, म्हणून सुटी केली. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकाच जुन्या गाडीचे असतील, तर नव्या गाडीच्या नंबरपाटीवर त्या जुन्या गाडीच्या सालाचं अक्षर मिळतं. मॉरीनच्या गाडीचं साल म्हणजे आमच्या लग्नाचं साल. नाहीतर मिळतो क्यू, म्हणजे हिचे आईबाप कोण, ठाऊक नाही.

मी खुब्याच्या ऑपरेशनला गेलो असताना माझा धाकटा भाऊ नॉर्मन याने तडकलेला गिअरबॉक्स काढून दुसरा बसवला. मला सांगितलं होतं, हे मान्य. पण नोंदणीच्या साहेबाने विचारल्यावर मी म्हणालो, दोन्ही तिचेच. आणि हा शहाणा चहाचा कप धरून म्हणतो, "गिअरबॉक्स नाही हं साहेब. तो मी भंगारातून आणला."

क्यू मिळाला. दीड वर्ष मी त्याच्याशी बोललेलो नाही. दर गुरुवारी तो मटण-बटाट्याचं भांडं दाराशी ठेवून जातो. ते मी खातो, बोलत नाही.

म्हणून गाडी नॉर्मनला. दर रविवारी त्याने ती क्लबच्या दारात उभी करावी, पाटी सगळ्यांना दिसेल अशी. लोक विचारतील, तेव्हा सांग म्हणावं खरं.

पाच. माझ्या अंत्यविधीला भाषणं नकोत. नॉर्मनचं तर नकोच.

सही करण्याआधी हाताने वाढवलेली नोंद: पोस्टातल्या बाई आल्या नाहीत. भांडं घेऊन नॉर्मन आला, आणि हॅडफील्डबाईंनी त्याला आत घेतलं. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं. चारपर्यंत जाऊन पुन्हा दोनवर आला.

"पेन दे, क्लिफ."

"दोन वाचलंस ना?"

"वाचलं. गाडी हिलरीचीच आहे."

दीड वर्षाने मी त्याच्याशी बोललो, तेही चुकून. पेन मीच दिलं.

टॉडमॉर्डन, गुरुवार, ७ मार्च २०१९

सही: क्लिफर्ड ऑगडन

आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली.
साक्षीदार: ॲग्नेस हॅडफील्ड, शेजारीण
साक्षीदार: नॉर्मन ऑगडन, भाऊ. गिअरबॉक्सबद्दल वर लिहिलेलं खरं आहे.