कोबोलचा शेवटचा पेपर

सर, तुमचं कोबोल मी बंद केलं. मस्कतच्या आमच्या कॉलेजात त्या जुन्या संगणकभाषेचा पेपर मीच शिकवायचे, आणि तो गेला तर माझं काँट्रॅक्ट पुढे चालेल की नाही याची खात्री नव्हती. तरी तो काढून टाकायच्या मीटिंगमध्ये पहिला हात माझा वर गेला. आमचे हेड म्हणाले, "खलास, डेड लँग्वेज." ती बँकांत अजून चालते, असं कोणीतरी पुटपुटलं. मला तुमची आठवण झाली आणि हात आणखी ताठ झाला.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग तसाच आहे. वसईच्या कॉलेजात लॅबबाहेर चपला काढायला लावायचात, जणू आत देवच बसलाय. मशीनला हात लावायच्या आधी अख्खा प्रोग्राम कागदावर. दोन आकड्यांची बेरीज करायची तरी आधी प्रोग्रामच्या ठरलेल्या चार डिव्हिजन मांडायच्या, रेशनकार्डाच्या अर्जासारख्या. मग तुम्ही म्हणणार, "आता मशीन तू. चालव." मी ओळीवर बोट ठेवून वाचतेय, शेजारी आकडे लिहितेय, आणि तुम्ही मागे उभे. एक पूर्णविराम राहिला की कागदावर लाल रेघ, आणि वर तुमचं ऐकायचं, "घरी जा. पोळ्या तरी नीट लाट."

नव्या टर्मला मला कोबोलच्या जागी पायथन शिकवायला दिलं. अल खौदहून, माबेल्याहून मुलं येतात, लॅपटॉप उघडतात, एआयला विचारतात आणि आलेलं उत्तर न वाचताच चिकटवतात. एका मुलीला विचारलं, ही ओळ काय करते? म्हणाली, "इट वर्क्स, मिस." या बिनडोकपणाचा मला तुमच्याइतकाच तिटकारा आला. म्हटलं, यल्ला, चला, लॅपटॉप बंद, कागद काढा, आता मशीन तुम्ही. ती तिसऱ्याच ओळीला चुकली. मी तिच्या कागदावर लाल रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिने वर पाहिलं. चिडून नाही, म्हातारी झालीय, सोडून द्या, अशा नजरेनं. ती नजर माझीच होती, सर. कॉलेजची सगळी वर्षं मी तुमच्याकडे तशीच पाहत होते.

तुम्हाला ती नजर कळत होती का, एवढंच विचारायला लिहायला बसले. पण हा कागद आता कोणाला दाखवू. पोळ्यांचं मी तिला बोलले नाही, तेवढी तुमच्याहून बरी. पण रेघ मारताना मला फार बरं वाटलं.