सिलाईवाल्या सीमाजी

सेक्टर २, भिलाई
११ डिसेंबर, बुधवार

सुशील,

जय भीम. घाबरू नको, हे पाकिटाच्या आत लिहिलं आहे. बाहेर फक्त तुझा रायपूरचा पत्ता आहे अन् तू लावतो तेच नाव, सुशील आनंद. दुसरं लिहिलं असतं तर तुमच्या कॉलनीत पत्र पोचलंच नसतं.

इकडे सगळे बरे आहोत. आईचा खोकला कमी आहे. तुझे भाऊजी या हप्त्यात सेकंड शिफ्टले आहेत. लग्नसराई असल्यामुळं हुडको कॉलनीतल्या माझ्या सिलाईच्या दुकानात ब्लाउजचा ढीग पडला आहे अन् मी इथं कागद घेऊन बसली आहे. तुझी रोशनी जेवते, झोपते, आजीजवळ बसते. खुशबूले, तिच्या मम्मीले, रोज एक फोन करते. तुझा फोन ती उचलणार नाही, त्यामुळं लावत बसू नको. एकोणीस वर्षांची पोरगी आहे, तिले आता ओढून नेता येत नाही.

फोन न करता पत्र कावून लिहून राहिली म्हणशील. फोनवर तू "हो ताई, हो ताई" करतो अन् विषय संपवून टाकतो. कागदावर तुले मधात बोलता येत नाही.

सोमवारी तुझा मेसेज आला. "ताई, साहब को एक मैसेज डाल दो कि मज़ाक था। मेरी इज़्ज़त का सवाल है।" माझी तब्येत विचारली नाही. रोशनी कशी आहे विचारलं नाही. आम्ही दोघी जगदलपूरहून बसनं कशा आलो, जागा भेटली की उभ्यानं आलो, हेही विचारलं नाही. अन् हिंदीत लिहिलं! बाबा स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमधून काळे होऊन यायचे, आंघोळ करायचे अन् आपल्याले समोर बसवून मराठी वाचायले लावायचे. शाळा हिंदी होती म्हणून. आपसात आपण हिंदी कधीच बोललो नाही. आता इज्जतीची गोष्ट निघाली तर तुले हिंदी सुचली.

मेसेज मी टाकला नाही. टाकणार नाही.

मले या फिरतीत रोशनीनं घेतलं, तू नाही. मशीनवर बसून बसून माझी कंबर धरली होती, डॉक्टरनं चालायले सांगितलं, मी सेक्टरच्या मैदानाले चकरा मारायले लागली. रोशनी म्हणे, "आत्या, मैदानात काय फिरते, आमच्यासोबत चल. जगदलपूरच्या पुढं कांगेर घाटीत पहाडावर नेतात, गाइड असतो, कोणाले मागं सोडत नाहीत." अन् ग्रुप चालवते त्या दिपालीले फोन करून तिनं माझं नाव देऊन टाकलं. तू दोन वर्षांपासून त्या ग्रुपसोबत जातो. मले कधी म्हणला नव्हता. मले वाटायचं, बहिणीची कंबर दुखते म्हणून म्हणत नसन.

मग तुझा फोन आला. "ताई, तिथं लय चढण आहे, तुले झेपणार नाही." मी हसली. डोंगरगडची प्रज्ञागिरी, बुद्धाची टेकडी, मी दर फेब्रुवारीत चढते, आईचा हात धरून, अन् तिच्यासाठी थांबत थांबत. मले काय झेपणार नाही? पण मले बरं वाटलं. भावाले काळजी आहे म्हटलं. आपल्या गल्लीत दोघींले सांगितलं सुद्धा.

गाडीत काय झालं ते मी लिहिणार नव्हती. दुसऱ्या दिवशीचं लिहिते.

सकाळी थंडी अशी होती की तोंडातून धूर निघत होता. सुखराम गाइड समोर, दिपाली सगळ्यात मागं, आम्ही पंधरा-सोळा जण मधात. वर सागवान अन् सालाची झाडं, खाली वाळली पानं, पाय टाकला की कुरकुर वाजत. सुखरामनं एकदम हात वर केला, सगळे थांबले. पहाडी मैना बोलून राहिली होती. माणसावानी बोलते, सुशील. मी वर पाहत उभी राहिली. वाटलं, आजपर्यंत मी खाली मान घालून सुईच पाहिली. रोशनीनं माझा हात दाबला. त्या वेळेले मी खरंच खुश होती. हे तुले सांगून ठेवते, कारण ती खुशी तू घेतली.

आता गाडीचं.

रायपूरहून निघालो तेव्हा दिपालीनं सगळ्यांले आपापली ओळख द्यायले सांगितलं. रोशनी तिच्या मैत्रिणींसोबत मागच्या गाडीत होती. तुझ्या बाजूले तुझे मोठे साहेब, मी मागच्या सीटवर. साहेबांनी आपलं सांगितलं, तू तुझं सांगितलं. माझा नंबर आला, मी तोंड उघडलं, अन् तू मान वळवून म्हणला, "ये सीमा जी हैं, भिलाई से। हमारी बेटी को सिलाई सिखाती हैं।"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीची काच वर करून राहिला होता.

मी गप्प बसली. तुले वाटलं असन, ताई समजदार आहे, सांभाळून घेतलं. मी सांभाळून घेतलं नाही. तू कोणाबद्दल बोलला हेच मले आधी समजलं नाही. धमतरी गेलं, कांकेर गेलं, चहाले गाडी थांबली, तू मले कप आणून दिला अन् "लीजिए" म्हणला. लीजिए! तुले मी कडेवर घेऊन खुर्सीपारच्या दवाखान्यात नेत होती, तू माझ्या खांद्यावर उलट्या करायचा. लीजिए.

रोशनीले मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. बापाची लाज लेकीसमोर कशी काढायची? रात्रीच्या जेवणाले ती बाजूले येऊन बसली तर तू तिले साहेबांच्या मिसेससोबत बसायले बोलावून घेतलं. तेव्हाच मले समजलं की हे तुझ्या तोंडून चुकून निघालं नव्हतं.

चढण अर्धी झाल्यावर मोठ्या खडकावर डबे उघडले. मी अन् रोशनी जरा खाली बसलो होतो, तू साहेबांजवळ. साहेब पुरी खात बोलून राहिले होते, आपल्या ऑफिसचं. म्हणे, काम करणारे कमी झाले, कोट्यावाले भरले, त्यांले काही येत नाही अन् बोलायची सोय नाही. मग तुझ्या पाठीवर थाप मारली. "आनंद जी, आपके सेक्शन में तो आधे वही हैं।"

तू हसला. अन् म्हणला, "जी सर, भुगत रहे हैं।"

हे तीन शब्द मी रविवारपासून ऐकून राहिली. मशीन चालवते तर मशीनमधून ऐकू येतात. भुगत रहे हैं. कोणाले भोगून राहिला रे तू? तुझ्या बापाले? भट्टीजवळ त्याच्या पायाची कातडी निघायची, आई रोज खोबरेल तेल लावायची, त्याले? ज्या जागेवर बसून तू साहेबासोबत पुरी खातो, ती जागा कोणाच्या लढाईनं भेटली, हे सांगायले तुले आता कोणी लागते काय?

मी उठली. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. इतकंच वाटलं की आता बसली राहिली तर मीही तुझ्यासोबत हसली असं होईल.

मी म्हटलं, "सर, मेरी पहचान कल ठीक से नहीं हुई। मैं सीमा रामटेके। कोक ओवन वाले आनंदराव गजभिये की बेटी। ये सुशील मेरा सगा छोटा भाई है। हम वही हैं, जिनको आप भुगत रहे हैं।"

कोणाच्या तरी डब्याचं झाकण खडकावरून घरंगळत खाली गेलं, ते उचलायले कोणी उठलं नाही. साहेबांनी रुमालानं हात पुसले अन् म्हणे, "अरे, बुरा मत मानिए, हम तो जनरल बात कर रहे थे।" मले त्या माणसाचा राग आला, पण तो रस्त्यावरच्या माणसाचा येतो तसा. विसरून जाईन. माझं सगळं ध्यान तुझ्यावर होतं. मले वाटलं, आता बोलशील. एक शब्द. नुसतं "हो, ताई आहे" म्हणला असता तरी मी बाकी सगळं गिळलं असतं.

तू बोलला. साहेबांले नाही, सुखरामले. "भैया, इनकी तबियत ठीक नहीं है, ऊँचाई से चक्कर आता है। इनको नीचे छोड़ आओ।"

सुखरामनं मले विचारलं, "चक्कर आ रहा है क्या, दीदी?"

मी म्हटलं, "नहीं भैया।"

"तो चलो," तो म्हणला, अन् काठी उचलून वरच्या वाटेले लागला.

खाली कोण गेलं ते तुले माहीतच आहे. ग्रुपचा नियम होता, कोणी एकटं उतरायचं नाही. साहेबांले उतरायचं होतं, त्यांच्यासोबत तू गेला. ग्रुपसोबतचा दुसरा गाइड तुम्हाले घेऊन गेला. जाताना पोरीले हाक मारली, "रोशनी, चलो।" ती हलली नाही. तू दुसऱ्यांदा हाक मारली नाही. मारायले पाहिजे होती.

वर काय झालं ते तुले माहीत नाही, ते सांगते.

शेवटची चढण खडी होती. गोट्यांवरून पाय सरकत होता, मी दोनदा हातावर आली, पण चढली. वरून सगळी घाटी दिसते, जंगलच जंगल, मधात नदीचा पांढरा धागा. बाकीचे फोटो काढून राहिले होते. रोशनी माझ्याजवळ येऊन बसली. रडली नाही. तिनं विचारलं, "आत्या, मी पण कॉलेजमध्ये रोशनी आनंदच आहे ना. मी लहान होती तेव्हा पप्पाले विचारलं होतं, आपलं आडनाव आजोबाच्या नावावर कावून आहे? पप्पा म्हणले, मले माझ्या बाबाची लय आठवण येते म्हणून." मग म्हणे, "मी हे सगळ्यांले सांगायची, आत्या. अभिमानानं सांगायची."

काय उत्तर देऊ मी तिले? तुले सुचते काय? मले त्या वेळेले तुझं तोंड फोडावं वाटलं. नाव लपवलं असतं अन् चूप बसला असता तर भेकड म्हटलं असतं तुले. पण तू तुझ्या भेवाले बापाच्या मायेचं कापड चढवलं अन् पोरीले तेच दाखवलं. मेलेल्या माणसाले वापरलं, सुशील.

मी तिले एवढंच म्हटलं, "तुझे आजोबा असे होते की त्यांचं नाव कोणीही लावावं." खरं तेवढंच होतं.

खाली उतरलो तर तुमची गाडी निघून गेली होती. दिपाली ओशाळली होती, दुसऱ्या गाडीत बसा म्हणे. रोशनी नको म्हणली. मग आम्ही बस धरली.

आता आईचं.

आईले मी काही सांगणार नव्हती. सोमवारी दुपारी अंगणात आई अन् रोशनी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, अन् रोशनीनं सगळं सांगून टाकलं. मी आतून ऐकून राहिली होती. आई किती तरी वेळ शेंगाच सोलत होती. मले वाटलं, आता शिव्या देईल, रडेल, तुझं नाव टाकून देईल.

आई म्हणली, "त्याले भेव वाटलं असन."

बस, एवढंच. मी बाहेर येऊन भांडली. म्हटलं, मले भेव वाटलं नाही काय? मी बाई, परकी माणसं, पहाडावर, एक रोशनी सोडली तर ओळखीचं कोणी नाही. मले बोलता आलं, त्याले कावून नाही आलं? आई म्हणे, "तुले घरी यायले जागा होती. त्याले वाटत असन, आता दोन्हीकडची गेली." मले तिचा असा राग आला की मी ताट न वाढताच दुकानात निघून गेली. जेवली नाही.

मले तुझ्या भेवाची कीव येत नाही. आईले येते, ती तिची गोष्ट. मले नाही येत, अन् कोणी सांगितलं म्हणून आणणार नाही.

इतकं लिहिलं, पण ज्याच्यासाठी कागद घेतला ते अजून लिहिलं नाही. सोमवारपासून आई माझ्या मागं लागली आहे. चहा देते तर तेच, भाकर टाकते तर तेच. आता हे लिहून राहिली तरी ती दारात उभी आहे अन् विचारून राहिली, "लिहिलं काय ते?" तिले वाचता येत नाही, दुसरी कोणी असती तर मी हे वरचं सगळं लिहून ते एक टाळलं असतं अन् लिहिलं म्हणून सांगितलं असतं. पण तिच्याशी मले खोटं बोलता येत नाही.

म्हणून लिहिते. सुशील, आईनं तुले घरी ये म्हटलं आहे. रविवारी ये म्हणे, ती तुरीच्या दाण्याची आमटी करणार आहे.

हे आईचं आहे. माझं यात काही नाही. तू आला तर दार मी उघडीन, कारण आईचे गुडघे दुखतात.

आईचा निरोप पोचवला.

सीमा