थोरल्या गाडीला मेन स्विच नाही

आई, तुझी नात आता अकोल्यात विजेवर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त करते. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. बाळापूर रस्त्यावर तिचे पत्र्याचे शेड आहे. सुरुवात तिने बॅटरीच्या स्कूटरांपासून केली. सध्या तिथे दोन मोटारी उभ्या आहेत आणि दोन्हींचे उत्पादन केव्हाच बंद झाले आहे. म्हणजे सुटे भाग नाहीत, सांगणारे कोणी नाही. उघडायचे, पाहायचे आणि समजून घ्यायचे. मी राजापेठेतल्या क्लासमध्ये आठवडाभर विजेचा धडा शिकवतो आणि रविवारी अमरावतीहून बसने तिच्याकडे जाऊन तोच धडा लोखंडात आणि तांब्यात पाहतो. तू विज्ञानाची शिक्षिका. तुला याचा केवढा आनंद झाला असता. मलाही होत होता, मागच्या रविवारपर्यंत.

दोन गाड्यांतला फरक तुला नीट सांगतो. धाकटी दोन दारांची, इतकी आखूड की मागच्या सीटवर शाळेचे दप्तर तेवढे सुखाने बसेल. थोरली ऐसपैस, धारणीच्या रस्त्यावर बंद पडली आणि ट्रकवर घालून आणावी लागली. फरक आकाराचा वाटतो, पण खरा फरक दाबाचा आहे. तू फळ्यावर काढायचीस ती पाण्याची टाकी आठव: टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. धाकटीची टाकी ठेंगणी, अठ्ठेचाळीस व्होल्टची. दाब कमी असल्यामुळे पुरेशी शक्ती मिळवायला प्रवाह भरपूर लागतो आणि म्हणून तिच्या तारा अंगठ्याएवढ्या जाड आहेत. कोरड्या हाताचा तिच्या टोकांना स्पर्श झाला तर बहुधा काही जाणवत नाही. जपायचे ते पाना आडवा पडून उडणाऱ्या ठिणगीला. थोरलीचा दाब साडेतीनशेच्या आसपास. शक्ती कितीतरी जास्त, तरी तारा त्या मानाने बारीक, नारिंगी, दिसायला देखण्या. किती सुंदर योजना आहे ही! आणि तीच आता मला भिववते, कारण धाकटीवर तयार झालेला हात थोरलीलाही धाकटीच समजतो.

मागच्या रविवारी थोरलीची बॅटरीची पेटी खाली उतरवलेली होती. झाकण उघडे, पेटीचे दोन अर्धे भाग एकमेकांपासून तोडणारा मधला सुरक्षेचा प्लग काढलेला. पोरीने खिशातून टेस्टर काढला. तोच, जो तू मला दहावीनंतर दिला होतास आणि मी तिला दिला. त्याचे टोक तिने पेटीतल्या एका तांब्याच्या पट्टीला लावले. दिवा लागला नाही. "मेली हाये, बाबा," असे म्हणत तिने टेस्टर खिशात टाकला आणि दोन्ही हात पेटीत घालायला ती वाकली. मी पुढे झेपावलो आणि तिला दोन्ही हातांनी कवटाळून मागे ओढले. आम्ही दोघेही मागच्या टायरवर आदळलो.

"काहून ओढलं जी? दिवा तं लागला नाही!"

मी धापा टाकत समजावू लागलो. टेस्टरचा दिवा लागायला वीज आपल्या अंगातून जमिनीकडे जावी लागते. घरातल्या विजेचे जमिनीशी नाते असते, या पेटीचे नसते. तिची वीज तिच्याच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. एका टोकाला टेस्टर लावला तर ती गप्प राहते. दोन हात दोन टोकांना लागले की ती छातीतून जाते.

"बाबा, तुमी मले समजावून राहिले का भेव दाखवून राहिले?" ती हसत म्हणाली. मग तिने मीटर आणून लावला. प्लग काढलेला असूनही अर्ध्या पेटीवरच दीडशेच्या वर आकडा आला. तिचे हसू थांबले. मीटर खाली ठेवत ती म्हणाली, "पण मी चिकटली असती, तं तुमीबी चिकटले असते ना? तुमीच तं शिकवता, धरायचं नाही मनून."

आई, तेव्हापासून मला आपले बाळापूरचे स्वयंपाकघर दिसते आहे. कॉइलची शेगडी, तिच्यावर ॲल्युमिनियमचे पातेले, आणि ओल्या हाताने ते धरलेला मी. हात सुटत नाही, ओरडायला आवाज फुटत नाही. तू दारात येतेस. माझ्याकडे बघतेस. आणि पाठ फिरवून पळत सुटतेस. क्षणभर मला वाटते, आई मला टाकून गेली. मग पडवीतला मेन स्विच खटकन पडतो आणि माझा हात मोकळा होतो.

"तू मले सोडून पयाली," मी रडत म्हणालो होतो.

"पयाली मनूनच तू हायेस. धरलं असतं तं दोघंबी गेलो असतो. अन् ओल्या हातानं पातेलं धराले कोणं सांगतलं होतं तुले?" म्हणत तू माझ्या पाठीत एक धपाटा घातलास आणि मग कितीतरी वेळ माझा तळवा चोळत बसलीस.

हा प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगतो, योग्य कृतीचे उदाहरण म्हणून. मुले वहीत उतरवून घेतात.

येत्या रविवारी ती पेटीतले निकामी भाग काढणार आहे. रबरी हातमोजे मागवले आहेत, मीटर तयार आहे. मी तिला नको म्हणू शकलो नाही; हे काम तिला येते आणि आवडते. "तुमी फक्त उभे राहा," ती म्हणाली. पण तिथे धावत जाऊन बंद करण्यासारखे काहीच नाही, आई. या पेटीतली वीज कुठून येत नाही, ती आतच असते. एकच उपाय राहतो: कोरड्या लाकडी दांड्याने माणसाला दूर लोटायचे. तसा दांडा मी शोधून शेडच्या भिंतीला टेकवून आलो आहे. पेटीजवळ तो पायांत येतो, म्हणून तिने तो तिथे ठेवू दिला नाही.

तो घ्यायचा, तर मला तिच्याकडे पाठ करावी लागेल. तुला जमले होते. मला जमेल असे मी तिला सांगितले आहे.