बाकड्याखालची सहा चित्रं

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना हसू येतं, पण तुला दुसरं काय लिहायचं ते मला येत नाही. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं ते पुढे येईलच.

आधी एक हिशेब ऐक. पलंगाची डोक्याकडची फळी एकट्याने उचलायला काय काय लागतं? नऊ दिवस अंथरुणात आणि दहा दिवस अंथरुणाच्या आसपास. दोन पट्टे, एक सैल आणि एक काचणारा. गरम पाण्याची पिशवी, ती फुटल्यावर दुसरी. मोजे चढवायला रोज सकाळी दुसऱ्याचे हात. शिंक येणार असं वाटलं की भिंत. तुझ्या वहिनीचे टोमणे मोजले नाहीत. दोघांनी उचलली असती तर अर्धं मिनिट लागलं असतं.

घडलं ते असं. फळी पॉलिश होऊन भिंतीला टेकलेली होती आणि दोन कारागीर 'तू धर, मी धरतो' करत उभे होते. मी म्हटलं, सरका. वाकलो, उचलली, आणि वळताना कंबरेत कुणी पटाशी ठोकावी तसं झालं. फळी मी सोडली नाही, हेही ध्यानात ठेव. त्यातल्या पॉलिशवाल्याने ती माझ्या हातातून काढून घेतली, आणि मग मला कोणत्या भिंतीला टेकवायचं यावर त्यांची चर्चा झाली.

शेवटी वहिनीने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आपल्या ताईच्या लेकीएवढ्या असतील.

"काका, वजनं उचलता?"

"उचलतो म्हणजे? तीन दारांचं कपाट चार मजले एकट्याने चढवलंय. फोटो आहे."

"कधीचा?"

"अकरा वर्षं झाली."

"मग फोटो तब्येतीने ठीक असेल. आता तुमचं बघू."

पाय उचलून पाहिले, बोटं बधिर होतात का विचारलं, गुडघ्यावर हातोडी मारली. आपल्याकडे तेवढ्या हातोडीने बारीक खिळासुद्धा ठोकता यायचा नाही. म्हणाल्या, शीर दबलेली वाटत नाही, स्नायू आखडलेत. पण नऊ दिवस पडून राहिलो म्हणून रागावल्या. "झोपून कंबर बरी होत नाही काका, गंजते. जेवढं झेपेल तेवढं हलत राहा." व्यायामाची चित्रं असलेला कागद दिला. मी घडी घालून खिशात टाकला. व्यायाम म्हणजे ज्याला काम नाही त्याचं काम, हे माझं मत तुला ठाऊक आहे. तुला जरा जास्तच ठाऊक आहे.

तो फोटो अजून तिथेच आहे, कचेरीत माझ्या खुर्चीमागे. कपाट घेणाऱ्या वकीलबाईंच्या दारात मी, मिशीवर घाम, आणि माझ्या मागे अख्खं कपाट, तिरकं, जिन्यातून वर येणारं. त्यांनीच वरून काढला होता. गिऱ्हाईक आलं की मी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. फक्त खुर्ची जरा बाजूला सरकवतो.

१५ जानेवारी

पत्र मध्येच राहिलं. मी हे उभ्याने लिहितोय. बसलं की पंधरा मिनिटांत कंबर कुरकुरते, म्हणून कागद रंध्याच्या कपाटावर ठेवलाय. वहिनी म्हणते, "पत्र लिहिताय की भाषण करताय?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

विसाव्या दिवशी कारखान्यात गेलो. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा कळ आली. बसवेना, उभं राहवेना. सगळे बाहेर जेवायला गेले होते, म्हणून कामाच्या लांब बाकड्याखाली भुशात आडवा झालो, डोकं आत आणि पाय बाहेर. डोळे उघडले तर वर तू.

म्हणजे तुझा हात. बाकड्याच्या फळीच्या खालच्या अंगाला, सुतारी पेन्सिलीने काढलेली सहा माणसं. प्रत्येकाच्या खाली दोन ओळी, आपण लाकडावर मापं लिहितो तशा बारीक अक्षरात. पहिला उताणा, गुडघे वर, आणि खाली लिहिलंय, 'कंबर जमिनीला दाबायची, पाच आकडे, सोडायची. बाहेरून काही हलताना दिसत नाही. दादा म्हणेल झोपलाय.' दुसरा एक गुडघा हातांनी छातीशी घेतो, मग दुसरा. तिसऱ्याचे दोन्ही गुडघे जोडून या कुशीला त्या कुशीला, खांदे मात्र जमिनीवरच. चौथा गुडघे मोडून कंबर वर उचलतो, तिथे तू लिहिलंस, 'पूल. पुलावरून कुणाला नेऊ नये.' सहावा गुडघ्यांवर आणि तळहातांवर, पाठ एकदा वर फुगवलेली, एकदा खाली सोडलेली. कडेला वेगळी सूचना, 'उठताना आधी कुशीवर वळ, मग हाताने रेट. सरळ उठशील तर परत इथेच.' आणि सगळ्यांच्या वर, मोठ्या अक्षरात, 'ताण चालेल. कळ नको. कळ पायात उतरली तर डॉक्टर.'

एकतीस वर्षं मी त्या बाकड्याशी उभा आहे. वरच्या बाजूचा ओरखडा अन् ओरखडा मला ठाऊक आहे, कोणता कुणी पाडला तेही. खालची बाजू बघायला आडवं व्हावं लागतं.

खिशातून डॉक्टरीणबाईंचा कागद काढला आणि पडल्या पडल्या ताडून पाहिला. त्यांची सहा, तुझी सहा. पाच जुळली. मग मी पहिलं करून पाहिलं. काही हलताना दिसलं नाही. दुसरं केलं. तिसऱ्याला कंबरेतून घट्ट बसलेला खिळा जरा ढिला व्हावा तसं वाटलं. मी तुला सांगतो, एवढं नेमकं काम मी ड्रॉइंगवाल्या लोकांकडूनसुद्धा पाहिलेलं नाही. काटकोनात काटकोन. माणसाच्या गुडघ्याचा कोन बघून मी मापपट्टी लावायला निघालो होतो.

कोपऱ्यात सातवं चित्र आहे. कंबरेवर हात ठेवलेला, तोंड उघडं, मिशा केवढ्या तरी. तो कोण, ते विचारत नाही. पोट मात्र तेव्हा एवढं नव्हतं.

१६ जानेवारी

काल पॉलिशवाल्याला विचारलं, "धाकटा दुपारी बाकड्याखाली झोपायचा ना रे?"

"झोपायचा नाही, कंबर ओढायचा."

"तुला ठाऊक होतं?"

"मीच तर आकडे मोजायचो."

"मला सांगितलं नाहीस कधी."

"तो म्हणायचा, दादाला सांगू नको. आणि तुम्ही कधी विचारलंत?"

आम्ही अकरा वर्षं एकाच किटलीतला चहा पितो, धाकट्या.

चित्रांच्या खाली रेघा आहेत, पाच-पाचचे जुडगे. दिवसाची एक. ब्याण्णव मोजल्या. काही सोमवारांपुढे लिहिलंय, 'सरकारी दवाखाना, व्यायामाची खोली'. सोमवारी तू दहाला यायचास आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणायचो, "आला का, रविवार उतरला का अंगातला?" तू रंधा उचलायचास आणि कामाला लागायचास.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो, नाहीतर हे पत्र वहिनी म्हणते तसं भाषण होईल. त्या दिवशी गाडीत टेबलं चढवायची होती आणि तू म्हणालास, "दादा, दोन माणसं लाव, मी एक टोक धरतो." गिऱ्हाईक उभं होतं, सगळे कारागीर उभे होते, आणि मी म्हणालो, "ह्याची कंबर नाही दुखत, ह्याचा आळस दुखतो." सगळे हसले. मीच आधी हसलो. तू हातातली दोरी नीट गुंडाळून खुंटीला अडकवलीस आणि गेलास. तू गेल्यावर मी सांगत राहिलो, कामाला घाबरून गेला. ताईला सांगितलं, वहिनीला सांगितलं. चार-सहा वर्षांनी मलाही ते खरं वाटायला लागलं.

शेवटच्या रेघेपुढे तू लिहिलंस, 'आज चार मजले चढलो, उतरलो. कळ नाही.' मी मागे मोजून पाहिलं. ती रेघ दोरीच्या आदल्या दिवसाची आहे. तू बरा झाला होतास. माझ्या मदतीशिवाय, माझ्याच पायांखाली, भुशात पडून, रोज वीस मिनिटं. मी अख्खा कारखाना उभा केला असं लोकांना सांगतो, पण मला अजून स्वतःचे मोजे चढवता येत नाहीत.

२ फेब्रुवारी

आता येतात. कालपासून दोन्ही. वहिनीने पाहिलं आणि म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी स्वतः घातलंत." सकाळी घरी करतो, दुपारी बाकड्याखाली, मधे पाय मोकळे करायला चौकापर्यंत चालून येतो. कधीमधी कळ डोकावते, पण बसत नाही, दारातूनच जाते.

दुपारी आता चौघेजण करतो. परवा एक गिऱ्हाईक आत आलं, चार माणसं भुशात उताणी पाहिली आणि बाहेरच्या बाहेर परत गेलं. पॉलिशवाला त्याच्यामागे धावला, "अहो, जिवंत आहेत." तो आकडे अजून मोजतो. तीसच्या पुढे मोजायला लागला की त्याला थांबवावं लागतं.

आणखी एक नियम केलाय. जिन्यावर सामान चढवताना दर मजल्याला टोकं बदलायची. तुला सांगायला नको, जिन्यात सगळा भार खालच्या माणसावर येतो. वरचा नुसती दिशा दाखवतो, आणि दार उघडलं की आधी तोच दिसतो.

बाकडं बदलायचं ठरलं होतं, ते रद्द केलंय. त्याच्या खालच्या अंगाला रंधा लावायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद आहे. एक अडचण मात्र आहे. पाचवं चित्र सरस ओघळून अर्धं गेलंय. माणूस पालथा आहे एवढं दिसतं, कोपरांवर आहे की हात ताठ आहेत ते कळत नाही. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर ते नाही. अंदाजाने करायला मी तयार नाही, अंदाजाने पुष्कळ करून झालं. तेवढं कळव. दोन ओळी पुरतील. स्वतः येऊन दाखवलंस तर चौघांनाही दिसेल. दोरी त्याच खुंटीला आहे, तू गुंडाळलीस तशीच.

आज फोटो खाली उतरवला. मागे वकीलबाईंच्या अक्षरात तारीख आहे, दोन मार्च. तुझ्या चित्रांच्या वर, अगदी डाव्या कोपऱ्यात, तू लिहिलंस, 'कळ सुरू, सहा मार्च.' मग फोटो उजेडात धरला. अकरा वर्षं लोकांना दाखवला, नीट पाहिला नव्हता. कपाटाच्या अगदी खालच्या कडेला, जिन्याच्या अंधारात, चार बोटं दिसतात. तर्जनीवर तुझा तो रंध्याचा जुना व्रण आहे.

तुझा, वरचं टोक धरणारा,
दादा