मावशींच्या कुरणातली लिटरं

१२ मे १९९५, शुक्रवार

झाली सही! ग्वेनलियन मावशींचं कुरण दहा महिन्यांसाठी आमचं — आणि त्याच्याबरोबर पासष्ट हजार लिटरं! सही अशी वेडीवाकडी झाली की माझं नाव मलाच वाचता येईना. एमरिस म्हणतो, "लग्नाच्या वहीत तरी नीट केली होतीस ना गं?"

नियम इथं लिहून ठेवते, म्हणजे माझ्या डोक्यात पक्का बसेल. प्रत्येक शेतानं वर्षाला किती लिटर दूध काढायचं ते सरकारनं ठरवून दिलंय. वर गेलं की दंड. आणि ही परवानगी माणसाला नसते, जमिनीला असते — गोचिडीसारखी चिकटलेली. मावशींचं वय एक्याऐंशी, गाई विकून टाकल्या, लिटरं त्यांना नकोत. जमीन मात्र त्यांना परत हवी. मग गोचीड सोडवायची कशी? तर कुरण दहा महिने आम्ही पट्ट्यानं घ्यायचं आणि तेवढ्या काळात दुभत्या गाईचा खूर तिथं पडू द्यायचा नाही. मेंढ्या चालतील. दूध सगळं आमच्याच रानावर निघालं पाहिजे. मुदत संपली की कुरण मावशींचं, लिटरं आमची.

"आणि गाय शिरली तर?" मी विचारलं.

"तर लिटरं कुरणाबरोबर परत, बाई," प्रॉसर म्हणाले. जमिनीचे कागद तेच करतात, आणि चॅपलात, आमच्या प्रार्थनामंदिरात, पुढच्या बाकावर बसणारे पंचही तेच.

आमच्या लेकीला, लाउरीला सांगितलं तर पोरीनं मला उचलून गरकन फिरवलं. एकोणीस वर्षांची घोडी! तिनं बाटलीनं पाजून वाढवलेल्या सहा कालवडी पुढच्या एप्रिलात विणार. ही लिटरं नसती तर सहाही कारमार्दनच्या गुरांच्या बाजारात. देवा, तुझे उपकार.

३ जून

आमच्या एकेचाळीस गाई कुंपणापाशी ओळीनं उभ्या. पलीकडे गुडघाभर गवत. सेलच्या दिवशी दुकान उघडायची वाट बघणाऱ्या बायका जशा! त्यातली सेरेन तर माझ्याकडे असं बघते, जणू मीच तिच्या तोंडचा घास काढलाय.

तसं काढलाच आहे म्हणा.

१८ जून, रविवार

प्रवचनात आदाम आणि हव्वा. ‘त्या एका झाडाचं फळ खाऊ नका.’ एमरिसनं मला कोपरानं ढोसलं आणि कानात म्हणाला, "त्यांना निदान कुंपण नव्हतं." मला हसू आवरेना. रुमाल तोंडात कोंबला. मागून मिसेस बेव्हन हळहळल्या, "रडतेय बिचारी." मग तर जास्तच!

२२ जुलै

मेंढ्या सोडल्या. त्यांना काय कळतंय त्या गवताचं! इतकं चांगलं गवत तुडवून वाया जाताना बघवत नाही. विळा घेऊन दोन भारे आपल्या गाईंना टाकावेत असं फार मनात आलं. आलं आणि घालवलं. त्या गवताचं दूध काढायचं म्हणजे तीही चोरीच.

मावशींकडे वेल्शकेक घेऊन गेले. खिडकीशी बसल्या होत्या. "मेंढ्या म्हणजे गवतावर पडलेला कापूस नुसता," म्हणाल्या. "बघायला काही नाही त्यांच्यात."

१६ ऑक्टोबर, सोमवार

काय लिहू! हसू की रडू!

दुपारी सुगीच्या आभाराची प्रार्थना. चॅपल भरलेलं, खिडक्यांत भोपळे नि पाव. आम्ही तिघं गात गात घरी आलो, वळणावर एमरिसनं करकचून ब्रेक मारला — मावशींच्या कुरणात आमच्या गाई! एक नाही, दोन नाही, एकेचाळीस! पोटापर्यंत गवतात, डोळे मिटून रवंथ. मेंढ्या एका कोपऱ्यात पाहुण्यांसारख्या.

मी नव्या टोपीत, लाउरी उंच टाचांत, एमरिस लग्नातल्या सुटात. "हो! हो!" एमरिस घसरला तो बसला थेट शेणात. "आता हा सूट दुभता झाला!" लाउरी किंचाळली, आणि आम्ही दोघी कुंपणाला धरून हसत सुटलो. तो बसल्या बसल्या ओरडतोय, "अगं बायांनो, पासष्ट हजार लिटरं चरतायत!" अर्धा तास लागला. सेरेन शेवटची निघाली, तोंडात घास घेऊन.

फाटक सताड उघडं होतं. लाउरी शपथ घेते, दोरी तिनं बांधली होती. एमरिस तिला नको ते बोलला. पोर जेवली नाही.

संध्याकाळच्या धारेला दूध नेहमीपेक्षा जास्त! आता पूर्ण हसूही येत नाही.

१८ ऑक्टोबर

प्रॉसरांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. "कोणी पाहिलं?"

"आम्ही तिघांनी. आणि वरच्यानं."

"वरचा सरकारी खात्याला पत्र लिहीत नाही, बाई. मार्चमध्ये ‘गाय शिरली नाही’ असं लिहून द्यायचं नि मोकळं व्हायचं. कागदाला शेण लागत नाही."

कुरणाची नोंदवही मी ठेवते. सही माझीच लागणार.

२४ डिसेंबर

सतराशे साठ कामं. लाउरीनं सहाही कालवडींच्या गळ्यात लाल फीत बांधली. बाजारात जायच्या तर नटून जातील, म्हणते! हसले, आणि मग स्वयंपाकघरात येऊन कांदा चिरत बसले. कांदा कशातच घालायचा नव्हता.

११ मार्च १९९६, सोमवार

प्रॉसर कागद घेऊन आले. मी चहा दिला, केक दिला, पेन उघडलं — आणि मिटलं.

"नाही जमायचं."

"अर्धा तास, बाई! अर्ध्या तासासाठी पासष्ट हजार?"

"अर्धा तास असो की अर्धी घटका. शिरल्या होत्या त्या शिरल्या होत्या."

ते टोपी घालून गेले. मी एमरिसकडे बघायचं टाळलं. त्यानं प्रॉसरांचा राहिलेला केक उचलला. मग म्हणाला, "तू सही केली असतीस तर मला तो शेणाचा सूट धुवायला दिल्याचं दुःख झालं असतं — तेवढाच खरा पुरावा होता." वेडा! लाउरी कालवडींना ब्रश करायला गेली. तिची पाठ बघवेना. पण छातीवरचा दगड उतरलाय — इतकी हलकी झालेय की भीतीच वाटते.

१२ मार्च, मंगळवार

सकाळी मावशी आल्या. गमबूट, काठी, एकट्या, कुरणातून आडव्या. प्रॉसरांनी रात्री फोन केला होता त्यांना. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "पोरीला बोलू नका. फाटक मी उघडलं होतं. साठ वर्षं त्या खिडकीतून गाई बघितल्यात, मला राहवेना. तुम्ही सगळे चॅपलात, म्हटलं, घटकाभर बघू." लाउरीनं त्यांना खुर्चीवर बसवलं. मग मावशींनी काठी आपटली. "लिटरं सोडवायची कशाला? कुरणालाच राहू देत, आणि कुरण तुमच्याकडे. नवा पट्टा करा, गाई आत सोडून. वीस वर्षांचा!" एमरिस म्हणाला, "मावशी, वीस वर्षांनी तुम्ही एकशे एक व्हाल." "मग? तेव्हा भाडं वाढवीन!"