एकाच दाराची टाकी

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून सांगतो, सगळं ठीक आहे. फोनच करणार होतो, पण तुमचा फोन आईच्या उशाशी आणि ही गोष्ट तिच्या कानावर इतक्यात जायला नको. वाचून झालं की पत्र लपव.

आमच्या जुन्या मोटारवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन पंचवीस तारखेला आहे. अण्णांच्या टाकी मोटारीत आईला शेजारी बसवून तिथं न्यायचं माझ्या मनात आहे. अण्णा गेल्यापासून ती एकदाही त्या गाडीत बसलेली नाही.

गेल्या वर्षीची फजिती तुला सांगितली नव्हती, आता सांगतो. तिथं प्रत्येकानं गाडी मांडवासमोर आणायची, खाली उतरायचं आणि तिच्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं. दातांचे डॉक्टर आपल्या लाकडी मोटारीतून असे रुबाबात उतरले की बस्स. मुख्याध्यापिकाबाईंच्या तीनचाकीचं तर सगळं नाकच दारासारखं उघडतं, त्या समोरूनच चालत बाहेर आल्या. मग माझी पाळी. टाकीला चालवणाऱ्याच्या बाजूनं दारच नाही, म्हणून शेजारच्या सीटवरून सरपटत निघालो, तर खिसा गिअरच्या दांड्यात अडकला. पाय आत आणि डोकं जमिनीशी. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताई, अण्णांचा हात सोन्याचा. भंगारातल्या टपालगाडीची चासी, पाण्याच्या टाक्यांचा पत्रा, बंद पडलेल्या नाट्यगृहातले दिवे आणि न्हाव्याकडचा आरसा, एवढ्यावर त्यांनी मोटार उभी केली आणि तेहतीस वर्षं पळवली. पण एक दार करायचं विसरले. त्यावरून लोक जन्मभर हसले आणि अण्णा मुकाट ऐकत राहिले. माझ्यासारखा पत्रेकाम करणारा मुलगा असून ती चूक तशीच राहावी, हे मला बघवत नाही. मी दार कापतोय. आईलाही बरं वाटेल.

शिवाय यंदा बेकरीवाल्याची होडीगाडी येणार आहे. रस्त्यावर चालते आणि तळ्यातही. ती बघितल्याशिवाय मी काही मरत नाही.

आईचा गुडघा कसा आहे? आठ महिने येतो येतो म्हणतोय, पण हातातलं काम सुटत नाही.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नये.

तुझा,
ठोक्या


७ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र शिलाई मशीनच्या खणात बटणांखाली ठेवलंय. तिथं माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

टाळ्यांचं वाचून इतकी हसले की गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी जोडली गेली. ती उसवायची मजुरी तुझ्याकडून घेईन.

दार हवं तर काप बाबा. मलाही त्या गाडीचं कोडंच होतं. आठवतं ना, आधी अण्णा आत सरकायचे, मग आई बसायची. उतरताना आई आधी, मग अण्णा. आणि कधी कधी आई उतरायचीच नाही. भर बाजारात दोघं समोर बघत गप्प बसलेली आणि मागच्या सीटवर आपण गोळी चघळत वाट बघतोय. मला वाटायचं, मोठ्या माणसांची ही विश्रांती असेल.

फक्त माप घेऊन काप. कापड काय नि पत्रा काय, कात्री चालली की चालली.

आणि गुडघ्याची चौकशी पत्रातून करू नकोस. आई संध्याकाळी खिडकीत बसते आणि रस्त्यावरची गाडी न बघता आवाजावरून ओळखते. तुझ्या टेंपोचा आवाज आला की सांगेन म्हणते. आठ महिने काही सांगितलेलं नाही.

माया आहे तशीच आहे, तू आपला येऊन खात्री कर.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत दोनच ओळी. दाराच्या तीन बाजू कापून झाल्या, चौथी उद्या. रेघ अशी सरळ आलीय की अण्णांनीही चष्मा काढून बघितली असती. आणि एक गंमत. आतलं अस्तर काढलं तर बिजागरीची भोकं सापडली, पाडून परत बुजवलेली. म्हणजे अण्णा दार करणार होते, मध्येच कंटाळले. आपल्या अण्णांना कंटाळा! वाचून तूही हसशील.

भावोजींना नमस्कार. लोभाची मात्रा कमी करू नये.

ठोक्या


११ फेब्रुवारी

चि. ठोक्या,

आशीर्वाद नंतर. हे पत्र मिळेल तेव्हा हातात जे असेल ते खाली ठेव. सकाळपासून सात वेळा फोन केला, पण तुझ्या हातोड्यापुढे ती घंटा कोणाला ऐकू येणार.

काल आईला पत्र सापडलं. तिच्या स्वेटरचं बटण तुटलं, म्हणून तिनं खण उघडला. चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घालून जागेवर ठेवलं आणि जेवण झाल्यावर ताट उचलताना म्हणाली, अण्णा काही विसरले नव्हते. ते दार त्यांनी करू नये, अशी माझी अट होती.

मग सगळं सांगितलं. लग्न लागल्यावर दोघं मागून आणलेल्या मोटारीतून घरी निघाली. वाटेत एका गॅरेजबाहेर लांब नाकाची, दोनच माणसांची कसलीशी मोटार उभी. अण्णांनी गाडी थांबवली, आलोच म्हणाले आणि लग्नाच्या कपड्यांनिशी तिच्याखाली शिरले. दोन तास. आई हार घालून एकटी गाडीत बसलेली आणि येणारेजाणारे बघताहेत. पुढची तीन वर्षं हेच. रस्त्यात वेगळी मोटार दिसली की अण्णा उडी मारून पसार.

टाकी बांधायला घेतली तेव्हा त्यांनी विचारलं, रंग कुठला देऊ. आई म्हणाली, रंग कुठलाही द्या, दार माझ्याच बाजूला हवं. तुम्हाला उतरायचं असेल तर आधी मी उतरेन, आणि मी उतरले की मलाही बरोबर न्यायचं. अण्णांनी भोकं पाडली होती, ती त्याच दिवशी बुजवली. लोकांना मात्र विसरलो म्हणूनच सांगत राहिले, आईला कोणी हसू नये म्हणून. ठोक्या, त्या माणसाला आपण जन्मभर विसराळू म्हटलं रे. मला फार वाईट वाटलं.

आई म्हणते, दुसरं दार केलंस तर ती त्या गाडीत पाऊल ठेवणार नाही. ती बोलते तसं करते, तुला माहीत आहे. आता मायेचं वगैरे काय लिहू.

ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना भेटली असणार. तुझं मिळालं तेव्हा चौथी बाजू अर्धी कापली होती. पत्र वाचून करवत खाली ठेवली. मी ज्याला कंटाळा म्हटलं ती अण्णांची बायकोला दिलेली जबान होती, आणि मी ती करवतीनं कापत होतो.

तुकडा जागेवर बसवलाय. अण्णांसारखेच रिवेट मारलेत, त्यांच्याच हातोडीनं. सांधा दिसतो. मला तो लपवता येतो, पण लपवला नाही. आईला विचार, येशील का.

तिच्या उत्तराची वाट बघतो. लोभाचं तिच्यावरच सोडतो.

ठोक्या


२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजींनी आईला सुखरूप घरी आणलंच असेल. पण ते नेहमी अर्धंच सांगतात, म्हणून उरलेलं मी लिहितो.

आईनं आल्याबरोबर सांध्यावरून बोट फिरवलं, रिवेट मोजले आणि म्हणाली, एक वाकडा आहे. मग मी आत सरकलो, ती बसली आणि आम्ही मैदानात पोचलो. गाडी बंद करतो तर तीस पावलांवर होडीगाडी. निळी, मागे पंखा, दोन्ही बाजूंना वल्ही अडकवलेली. मी आईला उतर म्हटलं. तर म्हणाली, गुडघा धरलाय, जरा बसू दे.

एक तास दहा मिनिटं, ताई. पहिली दहा मिनिटं मी होडीगाडीच बघत होतो. बेकरीवाला लोकांना बॉनेट उघडून दाखवत होता आणि मी इथून मान लांब करतोय. मग आईनं विचारलं, जेवतोस कुठं. मी म्हटलं, उभ्यानंच, दुकानात. मग पाठीचं दुखणं निघालं, मग भाड्याची खोली बदलली ते, मग अण्णांचं. अण्णा गेल्यावर मी इतका वेळ कोणाशी बोललेलो नाही. मध्येच रडलोही थोडा. आईनं रुमाल दिला आणि काचेवर पडलेला डाग त्यानंच पुसून घेतला.

आमचा पुकारा झाला तेव्हाही गुडघा तसाच. दोन मिनिटांचं भाषण मी खिडकीतून डोकं काढून केलं. दाराची गोष्ट आहे तशी सांगितली, सांध्याची पण. मुख्याध्यापिकाबाई डोळे पुसत होत्या. बक्षीस मात्र त्यांच्या तीनचाकीलाच गेलं. आम्हाला खास प्रशस्तिपत्र मिळालं, अख्ख्या कार्यक्रमात आपली गाडी सोडून क्षणभरही न हललेला मालक म्हणून.

त्यानंतर गुडघा सुटला. दोघं मिळून होडीगाडी बघायला गेलो. आईनं नुसता आवाज ऐकून पंप गळतोय म्हणून सांगितलं. बेकरीवाला हसला. नंतर खाली वाकून बघितलं आणि आईच्या पायाच पडला.

लोभ असाच चालू ठेवावा, मध्ये बंद पडला तर ढकलायला मी येईन.

ठोक्या


२ मार्च

चि. ठोक्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं ताईला आलेलं पत्र मी वाचलं. बटणांच्या खणात ठेवलं होतं.

प्रशस्तिपत्र भिंतीला लाव. वाकडा रिवेट तसाच राहू दे, तुझ्या बापाचेही दोन वाकडे आहेत, मागच्या चाकाजवळ. उभ्यानं जेवणं बंद.

येत्या रविवारी टाकी घेऊन ये. दोघं कुठंतरी लांब जाऊन येऊ. वाटेत एखादी बघण्यासारखी मोटार दिसली तर मी उतरेन.

माया आहे, आणखी काय लिहू.

तुझी,
आई

ता. क. गुडघा चांगला आहे. त्या दिवशीही चांगलाच होता.