डब्यांखालचं सदर

१४ नोव्हेंबर, श्रीरामपूर

बरेच दिवस वहीकडे फिरकलो नाही, माझंच चुकलं. ग्रामीण साहित्य चळवळीवरच्या माझ्या लेखातून संपादकांनी योहान मास्तरांचं नाव उडवलं. त्यांचं पुस्तक नाही, साप्ताहिकात नुसतं सदर होतं, म्हणून. पण तेच सदर वाचून इथले कथाकार लिहू लागले! आज शेजारच्या बेलापूरला मास्तरांना हे सांगायलाच गेलो. मास्तर खाटेवर, नुसती हाडं उरलीत. फळीवर डब्यांखाली त्याच सदराचे कागद अंथरलेले. "माझं साहित्य डाळीला आधार देतंय," म्हणून हसले. मग विचारलं, "लेखात माझं नाव हाय ना रं? आता लई दिस न्हाईत." मी 'आहे' म्हणालो. का म्हणालो? दया, की धीर नव्हता? डब्यांखालचे ते कागद डोळ्यांपुढून हलत नाहीत.

उद्या: संपादकांना फोन. नाव राहील, नाहीतर लेख परत.